दूरस्थ प्रयोगातील शब्द : भूकंप-अभियांत्रिकीच्या अध्यापनाचा एक भाषिक विचार

भूकंप-अभियांत्रिकी हा विषय प्रयोगावाचून नीट शिकविता येत नाही, आणि त्याचा प्रयोग मात्र सहजासहजी करता येत नाही, ही या विषयाची मूळ अडचण होय. रसायनाच्या विद्यार्थ्यास परीक्षानळी हाती देता येते. परंतु इमारत हादरवून दाखवावयाची तर तिच्याखालची जमीन हादरवावी लागते. जपानमधील मिकी येथे २००५ साली कार्यान्वित झालेला ई-डिफेन्स हा कंपनमंच २० मीटर लांब व १५ मीटर रुंद असून १,२०० टन वजनाची खरीखुरी इमारत तो हलवू शकतो. अशी साधने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. आपल्याकडे या विषयाचे स्वतंत्र अध्यापन व संशोधन रूडकी विद्यापीठात १९६० साली सुरू झाले. तथापि स्थापत्य शिकविणाऱ्या बहुसंख्य महाविद्यालयांत आजही हा विषय फळा, खडू आणि समीकरणे यांच्याच आधारे शिकविला जातो.

या अडचणीवर गेल्या पंचवीस वर्षांत निघालेला एक मार्ग म्हणजे दूरस्थ प्रयोग. उपकरण एका ठिकाणी, विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी, आणि मध्ये महाजाल, अशी त्याची रचना असते. विद्यार्थी आपल्या संगणकावरून आज्ञा देतो, दूरच्या प्रयोगशाळेतील मंच खरोखरच हलतो, त्यावरील प्रतिकृतीला जोडलेले त्वरणमापक आपली नोंद परत धाडतात, आणि कॅमेरा ते सारे दाखवितो. संगणकात केवळ गणिताने घडविलेला आभासी प्रयोग याहून निराळा. आभासी प्रयोगात उत्तर आधीच समीकरणात दडलेले असते. दूरस्थ प्रयोगात ते पोलादाच्या पट्टीत, ढिल्या राहिलेल्या स्क्रूत आणि मोटारीच्या मर्यादेत असते. म्हणून दूरस्थ प्रयोगाचे आकडे कधीही पुस्तकी उत्तराशी तंतोतंत जुळत नाहीत. आणि अध्यापनाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण होय.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस वीसहून अधिक विद्यापीठांनी एकत्र येऊन साधारण दीड फूट लांबरुंदीचे लहान कंपनमंच शिक्षणासाठी वापरण्यास आरंभ केला. त्यांतील काही मंच पुढे महाजालाद्वारे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुले झाले. जुलै २००३ मध्ये तर एक वेगळाच प्रयोग झाला. एका पोलादी चौकटीचा एक खांब इलिनॉय विद्यापीठात आणि दुसरा कोलोरॅडो विद्यापीठात उभा केला, उरलेली चौकट संगणकात गणिताने मांडली, आणि हे तिन्ही भाग महाजालाने जोडून एकाच भूकंपाखाली तपासले. काही सेकंदांचा भूकंप सुमारे दीड हजार टप्प्यांत विभागून तो कित्येक तास सावकाश चालविण्यात आला. टप्पे इतके संथ असल्यामुळे संदेश पोहोचावयास लागणारा विलंब आड आला नाही. याच प्रयोगाची टेबलावर मावेल अशी लहान आवृत्ती पुढे विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. भूकंप-अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळा परस्परांस जोडणारे अमेरिकेतील जाळे २००४ ते २०१४ या काळात चालले. भारतातही केंद्र शासनाच्या योजनेखाली आभासी व दूरस्थ प्रयोगशाळा उभारण्यात आल्या; दिल्लीच्या आय.आय.टी.मधील संरचना-गतिकीची प्रयोगशाळा त्यांपैकीच एक होय.

हा इतिहास एका भाषाभ्यासकाने का सांगावा, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे, की दूरस्थ प्रयोगात सर्वांत मोठा बदल होतो तो यंत्रात नव्हे, भाषेत होतो. नेहमीच्या प्रयोगशाळेत शिक्षकाचे अर्धे सांगणे हाताने चाललेले असते. “हे इथे धर”, “थांब, आता सोड”, “बघ, वरचा मजला कसा मागे राहतो” या वाक्यांतील ‘हे’, ‘इथे’, ‘आता’, ‘वरचा’ हे सर्व दर्शक शब्द समोरच्या वस्तूकडे बोट दाखवितात, आणि बोट दिसत असल्यामुळेच ते पुरे पडतात. पडद्यापुढे एकट्या बसलेल्या विद्यार्थ्यास ते बोट दिसत नाही. कॅमेरा मंचाच्या कोणत्या बाजूस आहे यावर ‘उजवीकडे’चा अर्थ अवलंबून राहतो. चित्र आलेखापेक्षा क्षणभर उशिरा पोहोचते, त्यामुळे ‘आता’ म्हणजे चित्रातला आता की आलेखातला, हे ठरत नाही. हाताने सांगितले जाणारे सारे आता शब्दाने सांगावयाचे असते, आणि त्या शब्दांवर यापूर्वी कधी एवढा भार पडलेला नसतो. मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्यास २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची संमती आहे. तेव्हा हा भार आपले शब्द पेलतील काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

एक अगदी साधे वाक्य घेऊ. समजा, सूचनापत्रकात लिहिले आहे : “मंच अधिक जोरात हलवावा.” मराठी वाचकास हे वाक्य निर्दोष वाटेल. परंतु पडद्यावर विद्यार्थ्यापुढे दोन वेगवेगळे आकडे भरावयाच्या जागा असतात. एक परमप्रसराची, म्हणजे मंच मध्यापासून किती दूर सरकावा याची. दुसरी वारंवारतेची, म्हणजे सेकंदाला किती आवर्तने व्हावीत याची. ‘जोरात’ म्हणजे यांपैकी कोणते वाढवावयाचे? मराठीत “जोरात पळ” म्हणजे वेगाने, “जोरात ढकल” म्हणजे बळाने, आणि “जोरात झोका दे” म्हणजे उंच. तिन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदतात.

प्रयोगात मात्र त्यांची फारकत करावीच लागते. मंच १ सेंटीमीटर परमप्रसराने सेकंदाला एकदा हलविला, तर त्याचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.०४ पट भरते. परमप्रसर दुप्पट केला तर ते ०.०८ पट होते. परंतु परमप्रसर तसाच ठेवून वारंवारता दुप्पट केली तर ते ०.१६ पट होते, आणि वारंवारता पाच हर्ट्झपर्यंत नेली तर ते जवळजवळ गुरुत्वीय त्वरणाइतकेच होते. कारण त्वरण हे परमप्रसराच्या प्रमाणात वाढते, पण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मंच तेवढाच एक सेंटीमीटर सरकतो, डोळ्यास फार काही घडल्यासारखे वाटत नाही, आणि प्रतिकृतीवरचे बळ मात्र पंचवीसपट झालेले असते. विद्यार्थ्याने ‘जोरात’चा अर्थ आपल्या मनाने लावला, तर त्याला मिळणारे उत्तर चुकीचे नसते, ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असते. शेजारी शिक्षक असता तर त्याने हात धरून थांबविले असते.

याचा अर्थ बोलीतले शब्द टाकून द्यावेत आणि सर्वत्र पारिभाषिक संज्ञाच योजाव्यात, असा मात्र नव्हे. किंबहुना हालचालीच्या बाबतीत मराठी बोली विलक्षण संपन्न आहे. पान थरथरते, झाड डोलते, पाळणा हेलकावे घेतो, घागरीतले पाणी हिंदकळते, म्हातारे पाऊल डगमगते, आणि झाड फळांसाठी गदगदा हलविले जाते. ‘थरथरणे’ या क्रियापदात वारंवारता मोठी आणि परमप्रसर लहान आहे; ‘डोलणे’ यात नेमके उलट. ‘गदगदा हलविणे’ यात दोन्ही मोठे आहेत आणि शिवाय बळ बाहेरून येते. ‘डगमगणे’ हे तर केवळ हालचालीचे वर्णन नाही. तोल जाण्याची शक्यता त्यात अनुस्यूत आहे. ‘हिंदकळणे’ हा शब्द द्रवाखेरीज सहसा वापरला जात नाही, आणि उंच टाकीतल्या पाण्याच्या भूकंपातील वर्तनासाठी त्याहून नेमका शब्द कोणत्याही कोशकाराने घडवूनही मिळाला नसता. जो भेद पारिभाषिक संज्ञा दोन आकड्यांनी करते, तो आपली क्रियापदे कानाने करतात. हे साम्य ढोबळ आहे, हे उघडच आहे. थरथर किती हर्ट्झपासून सुरू होते, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु आकडा भरण्यापूर्वी विद्यार्थ्यास “आता चौकट थरथरेल की डोलेल?” असे विचारता आले, तर त्याला अंदाज बांधावाच लागतो, आणि अंदाज न बांधता केलेला दूरस्थ प्रयोग म्हणजे नुसते चलच्चित्र पाहणे होय.

पारिभाषिक संज्ञांची स्थिती याच्या उलट आहे. त्या नेमक्या आहेत, पण एकमुखी नाहीत. ज्यास पाठ्यपुस्तके ‘वारंवारता’ म्हणतात त्यास मराठी विश्वकोश ‘कंप्रता’ म्हणतो. पाठ्यपुस्तकातील ‘त्वरण’ विश्वकोशात ‘प्रवेग’ होते. दोन्ही शब्द आपापल्या जागी चांगले आहेत. वर्गात शिक्षक दोन्ही उच्चारून पुढे जातो. पडद्यावरील सूचनेत एक शब्द, आलेखाच्या अक्षावर दुसरा आणि प्रश्नपत्रिकेत तिसरा आला, तर एकट्या विद्यार्थ्यास तीन निरनिराळ्या राशी असल्याचा भास होईल. कोणता शब्द निवडावा यापेक्षा एका प्रयोगात एकच शब्द ठेवावा, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात ‘वारंवारता’ व ‘त्वरण’ हेच शब्द योजले आहेत, ते विद्यार्थ्याच्या कानावर शाळेपासून पडलेले असतात म्हणून.

‘अवमंदन’ या संज्ञेची अडचण आणखी वेगळी आहे. हा शब्द क्रिया लपवून नाम पुढे करतो. चौकट एकदा ओढून सोडली की तिचे हेलकावे हळूहळू विरत जातात. ते किती लवकर विरतात याचे माप म्हणजे अवमंदन. पहिला हेलकावा १० मिलिमीटरचा आणि पाच आवर्तनांनंतरचा ५ मिलिमीटरचा असेल, तर अवमंदनाचे प्रमाण सुमारे २.२ टक्के येते. हा आकडा लहान दिसतो, पण त्याचे महत्त्व अनुस्पंदनाच्या वेळी कळते. मंचाची वारंवारता चौकटीच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळली असता २ टक्के अवमंदनाची चौकट स्थिर भाराखाली झुकेल त्याच्या पंचवीसपट झुकू शकते, आणि ५ टक्के अवमंदनाची दहापट. झोक्याला नेमक्या क्षणी दिलेला हलका धक्का त्याला आभाळापर्यंत नेतो, हा अनुभव प्रत्येकास आहे. मेक्सिको शहरास १९ सप्टेंबर १९८५ रोजी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर उगम पावलेल्या भूकंपाने जमीनदोस्त केले, त्यामागेही हेच तत्त्व होते. जुन्या तळ्याच्या मऊ गाळाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंद होता, आणि त्याच्याशी सूर जुळलेल्या मध्यम उंचीच्या इमारतींचीच सर्वाधिक हानी झाली. ठेंगण्या इमारती पुष्कळशा वाचल्या.

स्वाभाविक वारंवारता शोधणे हा दूरस्थ प्रयोगाचा पहिला पाठ असतो. वरच्या पट्टीचे वस्तुमान २ किलोग्रॅम आणि खांबांची ताठरता मीटरला ८०० न्यूटन असेल, तर स्वाभाविक वारंवारता सुमारे ३.२ हर्ट्झ येते. वस्तुमान दुप्पट केले तर ती सुमारे २.२५ वर उतरते. (कोयना धरणाची गणिताने काढलेली पहिली स्वाभाविक वारंवारताही ३ हर्ट्झच्या आसपास येते, हा योगायोग विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिल्यास टेबलावरची पट्टी आणि १०३ मीटर उंचीचे धरण यांत एक नाते जुळते.)

कोयनेचा उल्लेख आला म्हणून शब्दांच्या आणखी एका घोटाळ्याकडे वळतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपात सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. धरणातच बसविलेल्या यंत्राने त्या हादऱ्याची जी नोंद केली, तीत धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पटीपर्यंत त्वरण आढळले. ही नोंद आज जगभर धरणांच्या अभ्यासासाठी वापरली जाते, आणि दूरस्थ मंचाला आज्ञा म्हणूनही ती देता येते. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून जवळची नोंद नाही. परंतु आपली वृत्तपत्रे या भूकंपाचे वर्णन “६.३ रिश्टर तीव्रतेचा भूकंप” असे करतात, आणि येथेच पाय घसरतो. भूकंपाने सोडलेल्या ऊर्जेचे माप, ज्यास महत्ता किंवा परिमाण म्हणतात, ते एका भूकंपास एकच असते. तीव्रता ही जागेगणिक बदलते. कोयनानगरात ती एक, पुण्यात दुसरी, मुंबईत तिसरी. ‘तीव्र’ हा शब्द आपल्या भाषेत नेहमीच अनुभवणाऱ्याच्या बाजूचा आहे : तीव्र वेदना, तीव्र वास, तीव्र ऊन. म्हणून जागेवरच्या परिणामासाठी तो योग्य आहे आणि ऊर्जेसाठी अयोग्य. दूरस्थ प्रयोगात विद्यार्थी एकच नोंद निरनिराळ्या चौकटींस देतो आणि प्रत्येकीचा प्रतिसाद वेगळा पाहतो. त्याच्या मनात महत्ता व तीव्रता आधीच एकरूप झालेल्या असतील, तर हादरा एकच असून परिणाम वेगळे का, हा प्रयोगाचा प्रश्नच त्याला प्रश्न वाटणार नाही.

परंतु ज्या शब्दाची सर्वाधिक काळजी वाटावी तो पारिभाषिक नाहीच. तो शब्द म्हणजे ‘मजबूत’. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या ६.२ महत्तेच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ती झोपेत होती, आणि ज्या घरांनी त्यांना चिरडले ती घरे गावाच्या दृष्टीने मजबूतच होती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जाड माळवद. अशा भिंतीला बाहेरचा एक आणि आतला एक असे दोन पदर असतात व मध्ये बारीक दगड-माती भरलेली असते. भिंतीच्या आरपार जाणारे, दोन्ही पदरांस बांधून ठेवणारे दगड नसले, तर हादऱ्यात ते पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोटातून फुटते. वरचे माळवद जितके जड, तितके त्याचे जडत्वबल मोठे. बोलीतला ‘मजबूत’ हा शब्द वजन, जाडी, ताठरता, बळ आणि टिकाऊपणा या सर्वांस एकाच मुठीत धरतो. भूकंप-अभियांत्रिकी ही मूठ उलगडते : जड असणे हा येथे दोष आहे, ताठर असणे कधी गुण तर कधी दोष, आणि न तुटता वाकण्याची क्षमता, जीस तन्यता म्हणतात, तो सर्वांत मोठा गुण, पण त्या गुणाला गावात कोणी ‘मजबुती’ म्हणत नाही. ‘लवचीक घर’ असे म्हटले तर गवंडी हसेल.

मंचावरच्या प्रतिकृतीत हे उलगडून दाखविता येते. खांब तेच ठेवून माथ्यावर वजन वाढवीत जावे आणि खांबांच्या पायथ्याशी येणारे बळ प्रत्येक वेळी नोंदवावे. वस्तुमान वाढताच स्वाभाविक वारंवारताही उतरते, म्हणून या पाठात खांब पुरेसे ताठर घ्यावे लागतात. एरवी दोन परिणाम एकमेकांत मिसळतात. भावी अभियंता हा प्रयोग इंग्रजी सूचनांनी करून उत्तीर्ण होईलही. पण पुढे एखाद्या खेड्यात त्याला गवंड्याशी बोलावयाचे आहे, आणि तेथे ‘मजबूत’ या शब्दाचे पदर सुटे करून सांगता आले नाहीत, तर त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहील.

दूरस्थ प्रयोगाच्या मर्यादाही येथे सांगितल्या पाहिजेत. शिक्षणासाठीचे मंच बहुधा पोलादी पट्ट्यांच्या चौकटी वापरतात, कारण त्या हजार वेळा हलवूनही पूर्वस्थितीस येतात. दगडी भिंत एकदाच फुटते; ती पुढच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा रचावी लागते. परिणामी, इमारत हलते, डोलते आणि शेवटी शांत होते, असा समज पडद्यावरून नकळत दृढ होण्याचा संभव असतो. शिवाय प्रतिकृती लहान केली तरी गुरुत्व लहान करता येत नाही, म्हणून लहान भिंतीचे फुटणे हे मोठ्या भिंतीच्या फुटण्याची हुबेहूब प्रतिमा नसते. आणि पायाखालची जमीन सरकण्याचा जो अनुभव शरीरास येतो तो कोणताही कॅमेरा देऊ शकत नाही. पहिल्या उणिवेवर उपाय आहे : मोठ्या मंचांवर इमारती प्रत्यक्ष पाडून घेतलेली चित्रमुद्रणे उपलब्ध आहेत, ती दूरस्थ प्रयोगाच्या जोडीस दाखवावीत. शेवटच्या उणिवेवर उपाय नाही, आणि तो आहे असे भासवूही नये.

सूचनापत्रक कसे लिहावे याविषयी एवढेच सुचवावेसे वाटते, की ते अभियंत्याने लिहावे, भाषाभ्यासकाने वाचावे, आणि ज्याने ती प्रयोगशाळा कधी पाहिलेली नाही अशा विद्यार्थ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. तो जेथे अडखळेल तेथे बहुधा एखादे ‘हे’, एखादे ‘आता’ किंवा एखादे ‘जोरात’ दडलेले आढळेल. दिशांना मंचावरच खुणा कराव्यात आणि सूचनांत त्याच खुणांची नावे यावीत, ‘डावे-उजवे’ टाळावे. काळ सांगताना “आलेखावर दहावा सेकंद दिसेल तेव्हा” असे लिहावे. “मंच अधिक जोरात हलवावा” या वाक्याच्या जागी पुढील वाक्ये चालतील : “परमप्रसर १ सेंटीमीटर ठेवावा, बदलू नये. वारंवारता १ हर्ट्झपासून अर्ध्या-अर्ध्या हर्ट्झने ५ पर्यंत वाढवावी. प्रत्येक वाढीपूर्वी चौकट डोलेल, थरथरेल की जवळजवळ स्थिर राहील, हे वहीत लिहून ठेवावे. आणि मगच आज्ञा द्यावी.”